पैसे अजून आले नाहीत

जाहिरातीत लिहिलं होतं, 'ओव्हरलॉक मशीन विकणे आहे. चालू स्थितीत. उगाच चौकशी करू नये.' हे शेवटचं वाक्य अफशीनला इतकं आवडलं, की तिने लगेच चौकशी केली.

एक नाही, दोन नाही, चौदा प्रश्न. कापडाच्या कडा शिवायचं हे मशीन कुणाचं, किती वापरलं, का विकताय... पलीकडच्या माणसाने चौदाही उत्तरं निमूट दिली. नाव सोहेल. वालचंदनगरला कंपनीत फिटर. मशीन बहिणीचं, ती लग्न होऊन लांब गेली. मग त्यानेच एक विचारलं, "सगळं इचारलं, किंमत का न्हाय इचारली?"

"ती जाहिरातीत हाय की. जे तितं न्हाय, ते इचारतेय."

बारामतीत घरी बसून कपडे शिवणारी ही मुलगी मुळात अशी संशयी नव्हती. तिचे अब्बा, चाँदभाई, शेळ्यांचे व्यापारी. इसाराची रक्कम हातावर टेकवली की व्यवहार पक्का, हे ती लहानपणापासून बघत आलेली. म्हणून मागच्या वर्षी ऑनलाइन असंच एक मशीन दिसलं आणि विकणारा "दुसरं गिऱ्हाईक थांबलंय" म्हणाला, तेव्हा तिने सहा हजार रुपये इसार म्हणून पाठवून दिले. अब्बांच्या बाजारात इसार घेणारा माणूस पुढच्या आठवड्यात तिथंच उभा असतो. हा कुठंच सापडला नाही.

आता उरलेले अठरा हजार होते आणि एका शाळेच्या गणवेशांचं काम मिळू घातलं होतं. हेही बुडाले, तर शिवणकाम गुंडाळून भावाच्या किराणा दुकानात बसायचं, असं घरात ठरलं होतं.

तिने आधीच बजावलं, "इसार मिळणार न्हाय. लिंक पाठवली तर उघडणार न्हाय. मशीन चालवून बघीन, मगच पैसे."

"माझीबी अट हाय," तो म्हणाला. "स्क्रीनशॉट चालणार न्हाय. मागं एकाला मोबाइल विकला, त्यानं पैसे पाठवल्याचा फोटो दाखवला आन् गेला. माझ्याकडं फोटोच राहिला. खात्यात पैसे दिसले, की मशीन तुमचं."

दोघांचा एकमेकांवर इतका चोख अविश्वास होता, की अफशीनला त्या माणसाचा भरवसाच वाटू लागला. एवढं सावध बोलणारा माणूस दिसतो तरी कसा, हेही बघावंसं वाटू लागलं...

भेट ठरली इंदापूरला, भर दिवसा, भामाबाईंच्या ब्लाउजच्या दुकानात. भामाबाई तिच्या मैत्रिणीची आत्या. दुकानात मशीन चालवायला वीज होती आणि बघायला चार माणसं.

सोहेल मित्राचा टेम्पो घेऊन आला. सावळा, उंच, नखांत तेलाची रेघ. मशीन मांडून त्याने विचारलं, "दोरा तुमी ओवता का मी?"

"मीच. पुढं मलाच ओवायचाय."

"अजून मशीन माझं हाय."

"म्हणून तर हळू ओवतेय."

तिने सुती कापड चालवून बघितलं, मग जाड, मग दुहेरी. टाका सरळ, एकसारखा येत होता. मान वर केली, तर तो मशीनकडे बघतच नव्हता. "टाका खाली पडतोय," ती म्हणाली. तो कानापर्यंत लाल झाला... सावळ्या माणसाचं लाल होणंही दिसतं, हे तिला त्या दिवशी कळलं.

तिने आधी एकच रुपया पाठवला. नाव बरोबर आलं, रुपया पोचला. मग सतरा हजार नऊशे नव्व्याण्णव. आणि तिथं घोडं अडलं. तिच्या खात्यातून रक्कम गेली, त्याच्याकडे पोचेना. मोबाइल नुसतं सांगत राहिला, प्रक्रिया सुरू आहे.

"मशीन न्या," सोहेल म्हणाला. "येतील मागनं."

"अट तुमचीच हाय, मोडू नका. आन् मी दुसऱ्यांदा पाठवणार न्हाय."

मग काय, चहा आला. तो बहिणीच्या खोड्या सांगत बसला, ती शेळ्यांच्या बाजाराच्या गमती. बाहेरून उसाच्या ट्रॉल्या जात होत्या. अफशीन खूप दिवसांनी पोट धरून हसली.

बाराला वीस कमी असताना तिच्या मोबाइलवर आलं, रक्कम जमा झाली. त्याच वेळी त्याचाही मोबाइल वाजला. त्याने बघितला आणि खिशात टाकला.

"आले का?" तिने विचारलं.

"न्हाय... अजून न्हाय."

म्हणजे हाही तसलाच. आता म्हणेल, परत पाठवा. तिने आणखी अर्धा तास वाट बघितली, पण तो पैशांचं नावच काढेना. गणवेशाचा रंग कोणता, तुमाला बोरं आवडतात का, असलंच काहीबाही विचारत राहिला. दोनदा तिने पुन्हा विचारलं, दोनदा तो "न्हाय" म्हणाला. ती उठली, पर्स खांद्याला लावली आणि आपला मोबाइल त्याच्यापुढे धरला.

"अकरा चाळीसला जमा झालेत. खातं उघडा."

भामाबाईंनी कात्री खाली ठेवली. सोहेलने खातं उघडून मोबाइल तिच्या हातात दिला. पैसे होते.

"आले म्हणलो असतो, तर तुमी लगेच एसटी धरली असती," तो खाली बघत म्हणाला.

अफशीनचे डोळे भरून आले, रागानेच. "सहा हजार गेले, तवा आठ दिस मला झोप न्हवती. काय बी खोटं बोला, पैशाचं न्हाय."

"चुकलं माझं. परत कायबी खोटं न्हाय."

एसटी निघायला दहा मिनिटं होती, आणि जायची अजिबात इच्छा नाही हे अफशीनला स्वतःशी कबूल करावं लागलं.

"मशीन टेम्पोत चढवा," ती म्हणाली. "बारामतीला घरी बसवून द्या. अब्बा इचारतील, पैसे कवा पोचले. खरं सांगायचं."

"आन् मग अर्धा तास का लपवलं, असं इचारलं तर?"

"तेबी खरं सांगायचं."

सोहेलने पहिल्यांदाच सरळ तिच्या डोळ्यांत बघितलं. "ते... अब्बांच्या आधी तुमाला सांगाया पायजे."

"मग सांगा," अफशीन म्हणाली आणि पर्स काढून खाली ठेवली.