सातवा रकाना

प्रणित निडीहून पेणला आला तो घरचा पाट गणपतीच्या कारखान्यात द्यायला... यंदाची मूर्ती त्यावरच बसायची होती. तिथं कामाला असलेली मृणाली एका मूर्तीचे डोळे आखत होती. "दोनच मिनिटं हां," म्हणाली, आणि सव्वादोन तासांनी मान वर केली. तो तिथंच, पाट मांडीवर.

"गेला नाय तुम्ही?"

"चौदा गणपती बघत होते. मधेच उठणं बरं दिसेना."

ती ओशाळली. "मला एडीएचडी हाय. लक्ष लागतच नाय... नायतर असं लागतं."

"असं लागतं तेव्हा बघायला बरं वाटतं."

दुसऱ्या दिवशी तो पाट नीट आहे का, ते बघायला आला. तिसऱ्या दिवशीही. पाटाची प्रकृती उत्तम होती.

अकराव्या दिवशी तिनं मोबाईल पुढं केला. रोह्याच्या एका कंपनीचा अर्ज, प्रयोगशाळेतली नोकरी. सातवा रकाना रिकामा – कामावर परिणाम करणारी काही स्थिती आहे का?

"लिहिलं तर बोलावणार नायत. मागच्या नोकरीत लपवलं. दिवसभर शहाण्यासारखं बसायचं, घरी येऊन रडायचं. चार महिन्यांत सोडली. काय करू?"

"नोकरी तुमची. मी बसतो इथं, तुम्ही ठरवा."

ओल्या शाडूचा वास, पत्र्यावर संथ सर... तिनं लिहिलं, 'आहे. एडीएचडी. तोंडी सूचना निसटतात. लिहून दिल्या तर तुमच्याही चुका सापडतील.' अंगठा जरा हवेत राहिला. मग टेकला.

बोलावणं आलं. मुलाखत उरकून ती कुंडलिकेच्या पुलावर आली, तेव्हा तो कठड्याशी उभा होता. खाली नदी धुक्यात अर्धी विरघळलेली.

"काय म्हणाले?"

"हे लिहिलंत कशाला, विचारलं. म्हटलं, लपवणं हे वेगळं काम हाय, त्याचा पगार वेगळा लागंल."

"मग?"

"कळवतो म्हणाले. नाय कळवलं तरी... हलकं वाटतंय."

"मग मी पण सांगून टाकतो. मला रंगाची अ‍ॅलर्जी हाय. कारखान्यात पाऊल टाकलं की डोळ्यांना धार लागते. सांगितलं असतं तर येऊ नका म्हणाल्या असतात."

मृणाली त्याच्याकडे बघतच राहिली. "आणि मला वाटायचं, माझ्याकडे बघून डोळे भरतात..."

"ते पण हाय."

पुलावर रंगाचा थेंब नव्हता. तरी त्याचे डोळे भरलेच होते.