आधी बोटं जातात

बसा निवांत. तलावावरचा वारा पडल्याशिवाय बर्फ काढायच्या गाड्या बाहेर न्यायच्या नाहीत असा निरोप आलाय, तेव्हा अर्धी रात्र तरी इथेच जाणार. कोल्बी, ते दार नीट ओढून घे. आपोआप उघडतं ते.

टेस, परवा तू विचारत होतीस ना, दलदलीजवळचं वळण आलं की मी गाडीतला रेडिओ का बंद करतो? सांगतो. ऐकीव नाही हे. ज्याच्यावर गुदरलं तो माझ्या घरी भाड्यानं राहत होता. आणि ज्या गाडीत गुदरलं, ती गाडी माझी.

तीन वर्षं झाली. जानेवारी संपत आला होता. रसेल टिंगली सकाळी उठला, दाढी केली, आणि हिल्जा केस्टिलाकडे न्यायला वेलदोड्याचा पाव आणायला बेकरीत गेला. रिकाम्या हाताने विधवेकडे जायचं नाही, एवढी रीत त्याला होती.

रसेल शिकागोचा. कादंबऱ्या लिहायचा, खुनाबिनाच्या. त्याच्या पुस्तकांची ख्याती एकच, त्यातला बारीकसारीक तपशील खरा असतो. खाटकावर लिहायचं तर महिनाभर कत्तलखान्यात उभा राहिला. बुडालेल्या माणसावर लिहायचं तर शवागारात जाऊन प्रेताची कातडी दाबून पाहिली. हे सगळं तो जेवताना सांगायचा, माझ्या बायकोसमोर. दिसायला मात्र साधा. आवाज असा मऊ, की समोरच्याला वाटावं, आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी आपलं ऐकून घेतंय.

बेकरीतली सिग्ने पाव बांधता बांधता म्हणाली, "ओनी सांगत होता, तू थंडीनं मरायला शिकायला आलायस." मीच तिच्यापाशी बोलून गेलो होतो.

"मरायला नाही. माणूस मरतो कसा, ते बघायला."

"मग शिकागोत काय थंडीला सुट्टी असते?"

"तुमच्याकडे एकजण खरंच मेलाय ना," रसेल म्हणाला. "तसा मला तिकडे सापडला नाही."

सिग्नेनं पुडा त्याच्याकडे सरकवला आणि पाठ फिरवून भट्टीकडे गेली.

मेलेला म्हणजे वाइनो केस्टिला, हिल्जाचा नवरा. माझ्या बरोबरीचा. उंच, हाडापेरानं दणकट, लांब बोटांचा, रागीट. त्याला जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती. वादळात त्याची गाडी त्या वळणावर खड्ड्यात गेली. आणि सकाळी तो सापडला, तो गाडीबाहेर, बर्फात, उघडानागडा. गोठून मरणाऱ्याला शेवटी शेवटी अंगाची आग होते म्हणतात, मग माणूस कपडे टाकत सुटतो. पण गावाला हे कोण सांगणार? दारूच्या गुत्त्यात दोन हिवाळे त्यावर विनोद झाले. हिल्जानं त्या दिवसापासून चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसणं सोडलं.

तिच्या स्वयंपाकघरात रसेल तीन तास बसला. तिनं कॉफी केली, पाव कापला, स्वतः एक घास खाल्ला नाही.

"त्याच्या चेहऱ्याचा रंग कसा होता?" रसेलनं विचारलं.

"तुम्हाला हे कशाला हवं?"

"मिसेस केस्टिला, लोक हसले त्याला. मला वाटतं, त्याच्या बाजूनं कोणीतरी नीट लिहावं. खोटं लिहिलं तर तोही अन्यायच होईल."

आता या बाईशी नऊ वर्षांत वाइनोबद्दल असं कोणी बोललं नव्हतं. ती बोलायला लागली. रंग सांगितला. पापण्या कशा चिकटल्या होत्या ते सांगितलं. मग न विचारता तेही सांगितलं, जे तिनं पोटच्या मुलीलाही सांगितलं नव्हतं. त्या संध्याकाळी दोघांचं भांडण झालं होतं. काय, तर सॉनाच्या धुराड्यावरून. तो भावाकडे निघाला तेव्हा ती म्हणाली, "नाही आलास परत तरी चालेल." रात्री फोन वाजला, त्याचं नाव दिसलं. तिनं फोन पालथा घातला आणि भांडी घासत राहिली. पुन्हा वाजला. तिनं नळ मोठा केला.

"मग?" रसेल हळूच म्हणाला.

"मग त्यानं निरोप ठेवला. तो जुना फोन आहे माझ्याकडे. एकदाच ऐकलाय. पुन्हा नाही ऐकवत."

"आज मी आहे ना बरोबर," रसेल म्हणाला, आणि तिच्या हातावर हात ठेवला. दुसरा हात त्याच्या खिशात होता. खिशातला त्याचा फोन सगळं टिपून घेत होता.

तिनं लावलं. वाइनोचा आवाज. "हिल्जा, गाडी खड्ड्यात गेलीय. दलदलीपाशी. कोणाला तरी पाठव... हातमोजेही घरीच राहिले बघ. हिल्जा. उचल ना गं." पुढे नुसता वारा.

हिल्जानं तोंडावर पदरासारखा एप्रन धरला होता. रसेलनं कॉफी तिच्याकडे सरकवली. मग म्हणाला, "पुन्हा एकदा लावाल? वाऱ्यात शेवटचे शब्द नीट कळले नाहीत."

तिनं पुन्हा लावलं.

निघताना दारात ती एवढंच म्हणाली, "कपड्यांचं तेवढं लिहू नका. बाकी काहीही लिहा." त्यानं शब्द दिला. तिच्या खांद्यावर थोपटलं. घरी येऊन पहिलं वाक्य लिहिलं ते कपड्यांचं.

ते मला त्यानं स्वतः वाचून दाखवलं. मी म्हटलं, "तू तिला काय कबूल केलंस?" तर म्हणाला, "तिला वाटतं तिला नकोय. छापून आल्यावर बरंच वाटेल तिला." असं बोलणाऱ्या माणसाशी काय वाद घालणार. पण एक होतं, लिहिलेलं त्याला पटत नव्हतं. म्हणे, ऐकून लिहिलेलं वाटतंय, अंगावर घेतलेलं वाटत नाही.

मंगळवार होता, जानेवारीची एकतिसावी रात्र. साडेदहाला तो माझ्या दारात उभा. त्याची भाड्याची गाडी त्या रस्त्यावर टिकली नसती, म्हणून माझी जुनी पिकअप मागायला आला होता.

"अर्धा तास बसतो. इंजिन बंद करून. बस्स," म्हणाला.

"वारा तलावावरून येतोय," मी म्हटलं. "उद्या दिवसाउजेडी जा."

"दिवसा तो मेला नाही, ओनी."

मी किल्ली दिली. ती द्यायला नको होती वगैरे मी म्हणणार नाही. तो चालत गेला असता.

आता पुढचं त्यानं मला सांगितलं तसं सांगतो.

वळणावर त्यानं गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं. दिवे घालवले. पहिली दहा मिनिटं तो मजेत होता. फोनवर स्वतःच्याच आवाजात टिपत होता, नाकातले केस ताठ होतात, दात बाहेरून गार लागतात, सीटचं रेक्झिन लाकडासारखं वाजतं. मग त्याला वाटलं, वातावरण हवं. त्यानं चोरून टिपलेला वाइनोचा निरोप लावला.

"हिल्जा, गाडी खड्ड्यात गेलीय..."

शेवटपर्यंत ऐकला. मग वारा. वारा वाहत राहिला. रसेलनं फोनकडे पाहिलं. निरोप संपलेला होता. पडदा काळा. वारा मात्र फोनमधूनच येत होता.

मग फोन म्हणाला, "हिल्जा?"

रसेलनं पडदा दाबून पाहिला.

"हिल्जा नाही का तिथं?"

"...नाही."

"मग तू कोण?"

आता तुमच्याआमच्यापैकी कोणीही असता तर किल्ली फिरवून सुटला असता. हा लेखक. म्हणाला, "मी... लिहितो. तुमच्याबद्दल."

फोनमध्ये बराच वेळ वारा वाहिला. "बरं. मग विचार."

आणि त्यानं विचारलं. मला हे सांगताना त्याला त्याही अवस्थेत थोडा अभिमान वाटत होता, तो मी पाहिला. त्यानं विचारलं, "आधी काय जातं?"

"आधी बोटं जातात."

रसेलच्या हातातून फोन पडला. त्यानं उचलायला हात खाली घातला. बोटं मिटेनात. हातमोजे होते, आत हात शेकायची गरम पाकिटं होती. तरी मिटेनात.

फोन पायाशी होता. पण पुढचा आवाज पायाशी नव्हता. शेजारच्या सीटवरून आला. दार उघडल्याचं काही ऐकू आलं नव्हतं.

"पुढे विचार."

रसेलनं मान वळवली नाही. समोरच्या काचेकडे बघत राहिला. काच आतून पांढरी होत चालली होती. शेजारच्या बाजूची आधी.

"दुखतं?"

"हो."

"कधी थांबतं?"

काचेवरचा पांढरा थर जाड झाला.

"लोक म्हणतात, झोप लागते. मग काही कळत नाही."

"लोक," तो आवाज म्हणाला. त्यात हसू होतं. "लोक म्हणतात."

किल्ली समोर लटकत होती. रसेलनं दोन्ही मनगटांनी ती धरली. घसरली. पुन्हा धरली. पुन्हा घसरली.

"तिला शब्द दिलास ना. कपड्यांचं लिहिणार नाहीस म्हणून."

"...हो."

"लिहिलंस?"

रसेलनं पुन्हा किल्लीला मनगटं लावली.

"लिहिलंस का?"

"...लिहिलं."

मग वारासुद्धा थांबला, असं रसेल म्हणाला. किती वेळ, ते त्याला सांगता आलं नाही.

"मग नीट लिही," आवाज म्हणाला. अगदी कानाशी. "चुकू नकोस. आता आग होईल."

आणि झाली. आधी छातीत. मग मानेत. भट्टीत घातल्यासारखी. त्यानं कोटाच्या बटणांना हात घातला. निघेनात. बोटंच नव्हती त्याला. तो रडत होता. बटणं निघेनात.

मग... निघाली.

एक. दुसरं. तिसरं.

त्यानं नव्हती काढली.

पहाटे मी बर्फ काढत त्या वाटेनं गेलो. माझी पिकअप अर्धी गाडली गेली होती. तो बाहेर पडलेला, अंगावर एक चिंधी नाही. आणि जिवंत. ओठ हलत होते. मी वाकून ऐकलं, तर प्रश्न विचारत होता.

"किल्ली?" कोल्बी, तुझ्या तोंडावर दिसतंय ते. किल्ली जागेवर होती. मी फिरवली. पहिल्या झटक्यात इंजिन लागलं.

दोन्ही हातांची बोटं गेली. डाव्या पायाचा पंजा गेला. तळवे वाचले, हात कोपरापर्यंत गुलाबी, बाळासारखे. डॉक्टरला त्याचंच नवल.

महिन्यानं हिल्जा इस्पितळात आली. मी तिथंच होतो. थर्मासमधून कॉफी आणली होती त्याच्यासाठी. खुर्ची जवळ ओढून बसली. त्याच्या पट्ट्यांकडे तिनं पाहिलं नाही, चेहऱ्याकडेच बघत होती.

म्हणाली, "तुम्हाला ठाऊक झालंय आता. मला एकच सांगा. त्याला दुखलं का?"

मी तिच्या पाठीमागून मान हलवत होतो. नाही म्हण, नाही म्हण. इतकी खोटी पुस्तकं लिहिलीस, एक शब्द खोटा बोल.

रसेलनं माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्याच मऊ आवाजात म्हणाला, "शेवटपर्यंत."

हिल्जानं थर्मास मांडीवर घेतला. "आणि शुद्ध?"

"होती."

तिनं थर्मासचं झाकण लावलं. कोटाची बटणं खालपासून वरपर्यंत लावली. कॉफी तशीच घेऊन गेली. उन्हाळ्यात घर विकून मुलीकडे गेली ती. मला पत्ता दिला नाही.

"आणि पुस्तक?" बरोबर विचारलंस, टेस.

आलं ना. तोंडानं सांगून लिहून घेतलं त्यानं. खूप खपलं. कपड्यांचं सगळं आहे त्यात, अकरा पानं. वाचणारे म्हणतात, अंगावर काटा येतो, जणू तिथंच बसून लिहिलंय. आणि मी त्या वळणावर रेडिओ बंद करतो, न जाणो त्यातूनही तो वारा वाहायला लागला तर.

पण एक गोष्ट त्यात नाही. मी त्याला कळूच दिली नाही, कारण कळली असती तर तीही छापली असती.

त्याला रुग्णवाहिकेत घातल्यावर मी पिकअप मोकळी करायला लागलो. शेजारच्या सीटच्या बाजूला बर्फ खिडकीपर्यंत चढला होता, दाबून बसलेला, रात्रभराचा. पाऊल नाही, ओरखडा नाही. ते दार उघडणं शक्यच नव्हतं. मी फावड्यानं वरून खाली काढत गेलो. दाराचं हँडल लागलं. जुनी गाडी, लोखंडी हँडल.

त्याला चार बोटांची कातडी चिकटलेली होती. उघड्या हातानं धरलं आणि ओढलं की निघते ना, तशी. लांब बोटं.

मी माझ्या थर्मासमधल्या कोमट पाण्यानं ती सोडवली. वळणाच्या पलीकडे पुरली. जमीन गोठलेली होती... वेळ लागला.