निळी कनात

“घाबरू नका… तो मरायचा न्हाई.”

अंधारात उजवीकडून आवाज आला, आणि मी आत्याचा हात घट्ट धरला. परभणीच्या टॉकीजमधला दुपारचा तीनचा खेळ. पडद्यावर पत्र्याची टोपी घातलेला मंगळावरचा माणूस हीरोला किरणांनी भाजत होता. पिंगळीहून आत्याबरोबर मी आले होते ती मन रमवायला. बुधवारी बाबा मानवतच्या स्थळाला होकार कळवणार होते, आणि मला तर त्या मुलाचं नाकसुद्धा आठवत नव्हतं. चार दिवस ताटातला भात नुसता चिवडत होते.

टॉकीजमध्ये बायका डावीकडे, पुरुष उजवीकडे, मधे निळी कनात. दिवे लागले की डोअरकीपर मुंजाजी कनात ओढायचा, अंधार झाला की सरकवायचा. म्हणून शेजारी आवाज होता, चेहरा नव्हता.

“तुम्हाला हो काय ठाऊक?” मी कुजबुजले.

“हीरो हाय. इतक्यात मेला तर लोक बाकडी मोडतील. आन् ते यंत्र बघा… वायरच न्हाई! कशावर चालायलंय?”

“लय शहाणे तुमी!”

“येलदरीच्या वीजघरात हाय मी. वायरीच बघतो दिवसभर.”

मध्यंतरात कनात आली. तिच्याखालून शेंगदाण्याची पुडी सरकली. निम्मे दाणे आत्यानं फस्त केले, काही न विचारता. मी मात्र सारखी त्या निळ्या कापडाकडे बघत होते. कधी एकदा अंधार होतो असं झालं होतं.

शेवटी यान उडणार, तोच लाईट गेली! शिट्ट्या, आरडाओरडा. उकाड्यानं दारं सताड उघडली आणि ऊन थेट आमच्या रांगेवर आलं. मुंजाजी आपला बल्बकडे बघत उभा. बल्ब लागल्याशिवाय कनात ओढायची नाही, हा त्याचा नियम!

मी पाहिलं. सावळा, एक दात किंचित पुढे, खिशात पेचकस. त्यानंही पाहिलं… आणि आरडाओरडा विसरून बघतच राहिला. मला तो आवडला. बस्स, आवडला.

“वीजघरात हायेत म्हणे,” आत्या कडाडली. म्हणजे तिनं सगळं ऐकलं होतं! “मग लाईट कशी गेली?”

“मी सुट्टीवर हाय ना, आत्याबाई…”

साडेपाचची गाडी होती, उठावंच लागलं. जाता जाता मी कनातीलाच सांगितल्यासारखं बोलले, “पिंगळीच्या लिंबाजी गुरुजींच्या घरी कुणी शेवट सांगायला आलं तर… मंगळवारपर्यंत यावं. बुधवारी बाबा मानवतला होकार कळवायलेत.”

सोमवारी प्रत्येक गाडीच्या शिट्टीला मी दारात. मंगळवारी दुपारपर्यंत उंबरा झिजायचा बाकी राहिला. उद्याच्या टपालासाठी बाबा पोस्टकार्ड घेऊन बसलेसुद्धा. तेवढ्यात दारातून तोच आवाज आला.

“जयभीम, गुरुजी. मी भुजंग. ही माझी आई.”

पाण्याचा तांब्या देताना मी विचारलं, “शेवट काय झाला? वाचला का तो?”

“बघितलाच न्हाई,” तो हळूच म्हणाला. “लाईट आली, पण तुमी नव्हता… उठून आलो.”

बाबांनी चष्म्यावरून आमच्याकडे पाहिलं. “कशाचा शेवट?”

“सिनेमाचा, दादा,” आत्या म्हणाली. “अर्धाच झालाय. उरलेला दोघांना बघू द्या.”

बाबांनी मला विचारलं, “सगुणा?”

मी मान हलवली. बाबांनी कोरं पोस्टकार्ड माझ्या हाती दिलं. “मग मानवतला नकार तूच लिही. अक्षर नीट काढ.”