उजवी बाजू वर

"भाऊ, उजवी बाजू खाली नका करू... वर ठेवा."

दारव्ह्याच्या स्टँडवर मोनाली पुन्हा पुन्हा तेच सांगत होती. जीपवाल्यानं कंटाळून सायकल टपावर उजवी बाजू वर करून आडवी ठेवली. उजवीकडचा गिअर आत सरकून राहावा म्हणून तिनं चेन मागच्या सगळ्यात मोठ्या चक्रावर आधीच चढवली होती, तरी जीव थाऱ्यावर नव्हता. दुपारी यवतमाळला टेकडीवर जिल्ह्याची निवड शर्यत होती. मागच्या वर्षी अशाच प्रवासात गिअरचा हँगर वाकला, ऐन चढावर चेन आऱ्यांत अडकली आणि ती सायकल ढकलत खाली आली होती.

जीप निघाली. खड्डा आला, की मोनालीची मान वर.

"वर कोणी बसलं काय तुमचं?" शेजारच्या तरुणानं विचारलं. पांढरा इस्त्रीचा शर्ट, मांडीवर मिठाईचा डबा.

"हँगर आहे."

"कपड्याचा?"

एवढ्या धास्तीतही तिला हसू आलं. "गिअर ज्याले लटकते तो. बोटाएवढा तुकडा. धक्का बसला का आधी तोच वाकते, म्हणून फ्रेम वाचते. पण आज वाकला तर..."

त्यानं मांडीवरचा डबा सावरला. मग आपणहून म्हणाला, "मी संघर्ष. पोरगी पाहाले चाललो, यवतमाळच्या अलीकडच्या फाट्यावर. आई अन् मामा आधीच पोचले तिथं. भेव मलेही लागून राह्यलं."

"काहून? खाते काय पोरगी?"

"तिचं माहीत नाही..." त्यानं तिच्याकडं पाहिलं आणि पटकन नजर खिडकीबाहेर नेली.

पुढच्या थांब्यावर सोयाबीनची पोती टपावर चढू लागली. मोनाली उठू पाहत होती, पण दोन्हीकडून माणसं दाटलेली. संघर्षनं डबा तिच्या हातात दिला.

"हा तुमी सांभाळा. तुमचा हँगर मी सांभाळतो."

आणि तो मागच्या शिडीनं वर गेला.

खिडकीतून आता त्याचा लोंबता बूट तेवढा दिसत होता. मोनाली त्या बुटाकडं बघत राहिली. घट्ट धरून बसला असेल ना? ही काळजी सायकलची नव्हती... तिचं तिलाच नवल वाटलं. त्यानं सांगितलेला, मुलीच्या गावाचा फाटा आला, जीप थांबली, निघालीही. बूट तिथंच.

यवतमाळला तो धुळीनं माखून उतरला. मोनालीनं पॅडल फिरवलं. गिअर टकटक सरळ पडले.

"तुमचा फाटा गेला," ती म्हणाली.

"पाह्यला मी. पोतं घसरून राह्यलं होतं, हात काढता आला नाही." तो थांबला. "अन् खरं सांगू? उतरावंसंही वाटलं नाही."

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तरी तिनं डबा पुढं केला. "तिकडं कोणीतरी तयार होऊन बसली असन. तिले वाट पाहाले लावू नका. जे असन ते तोंडावर सांगा."

त्यानं डबा घेतला आणि तो परतीच्या जीपमध्ये बसला.

दुपारी शर्यतीच्या चढावर चेननं एकदाही दगा दिला नाही. मोनाली दुसरी आली, निवडही झाली. टाळ्या वाजत होत्या आणि ती गर्दीत पांढरा शर्ट शोधत होती. पाठवलं तर तिनंच होतं. त्याला ती मुलगी आवडली असेल तर? बरंच झालं, असं तिनं मनाला सांगितलं. मन ऐकेना.

संध्याकाळी स्टँडवर दारव्ह्याच्या जीपा भरत होत्या, सुटत होत्या. ती "पुढच्या गाडीनं जातो" म्हणत उभीच. उन्हं उतरली, आणि एका जीपमधून संघर्ष उतरला.

"सांगितलं?"

"हो. तिचे वडील रागावले. ती म्हणे, बरं झालं, मलेही आता लग्न करायचं नव्हतं."

"अन् कारण काय सांगितलं?"

"हेच, का मन दुसरीकडं गेलं."

"त्या दुसरीले इचारलं काय तुमी?"

"तेच तर इचाराले आलो..."

मोनाली ब्रेक दाबत, सोडत राहिली. मग हळूच म्हणाली, "रविवारी घरी या. आईले घेऊन."

"आई आज बोलून नाही राह्यली माह्याशी."

"रविवारपर्यंत बोलन. पण आमच्याकडं पोहे बाबा करतात. मले नाही येत."

"मले येतात," संघर्ष म्हणाला.