मुठीतली नळी

संशोधन-नौका बुडाली त्याला महिना होत आला होता. किनाऱ्याला लागलेला देह चेहऱ्यावरून ओळखण्यासारखा उरला नव्हता. त्या नौकेवर डॉ. शालन खानविलकर यांचा एकुलता एक मुलगा निहार होता, आणि ओळख पटवणारी चाचणीही शालनताईंनीच शोधलेली होती. दैवाला थट्टा करायला माणसंही अशीच सापडतात.

“ताई, मी करतो. तुम्ही बाहेर बसा,” त्यांचे सहकारी डॉ. यशोधन बापट म्हणाले.

“आई मी आहे. मीच बघणार.”

प्रयोगशाळेत आलेल्या फौजदारांनी हलक्या आवाजात विचारलं, “यातून कळतं कसं?”

“या पाण्यात सोन्याचे अतिसूक्ष्म कण आहेत,” यशोधन सांगू लागले. “सुटे असले की लाल दिसतात, एकमेकांजवळ आले की निळे. प्रत्येक कणाला निहारच्या डीएनएशीच जुळणारे तोकडे धागे लावले आहेत. नमुना त्याचा असेल तर धागे त्याला धरतात, कण गोळा होतात, पाणी निळं होतं. नसेल तर लालच राहतं.”

शालनताईंनी नमुन्याचा थेंब टाकला आणि नळी नळ्यांच्या थंड घडवंचीत ठेवायच्या ऐवजी मुठीत घट्ट धरली. निहारच्या प्रत्येक परीक्षेला त्या अशाच अंगारा मुठीत धरून बसायच्या. “शास्त्रज्ञ बाई आणि मुठीत अंगारा!” म्हणून तो चिडवायचा.

पुरेसा वेळ गेल्यावर त्यांनी मूठ उघडली. पाणी लाल होतं.

“नाही! माझा निहार नाही हा!” त्या हसत होत्या, रडत होत्या. “कुठेतरी किनाऱ्याला लागला असेल, चिवट आहे कार्टा. यशोधन, ह्यांना फोन लाव आधी!”

यशोधन जागचे हलले नाहीत.

“ताई,” ते कसंबसं म्हणाले, “नळी घडवंचीत ठेवा ना.”

शालनताई थबकल्या. इतके तोकडे धागे थंडाव्यातच जुळतात, अंगाच्या उबेने सुटतात आणि कण मोकळे होतात. हे यशोधनला त्यांनीच शिकवलं होतं.

त्यांनी नळी ठेवली. हात काढवत नव्हता, तरी काढला. पाणी आधी जांभळट झालं, मग निळं.

फौजदारांनी टोपी काढली. शालनताईंनी नळी परत उचलली, दोन्ही हातांत मिटून छातीशी धरली आणि बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग त्यांनी हात उघडले.

“बघ यशोधन,” त्या म्हणाल्या, “लाल झाली.”