नीलिमाशी खेळलेला डाव

धनाजी मला भेटला तो बंद पडलेल्या एसटीत. उंब्रजच्या अलीकडं गाडी थांबली. शेजारचा मुलगा मांडीवर चुंबकाच्या सोंगट्यांचा बुद्धिबळाचा छोटा पट घेऊन एकटाच खेळत बसला होता. मला राहवलं नाही. हा घोडा हलवलात तर वजीर जाईल, असं मी सांगून टाकलं. त्यानं वर पाहिलं... आणि सोंगट्या नव्यानं मांडून पट माझ्याकडं वळवला.

मग वर्षभर, दर रविवारी, तो उंब्रजहून साताऱ्याला आमच्या क्लबात यायचा. खेळायचा मात्र अगदी बेतानं — तीन-तीन तास, आणि शेवटी बरोबरी. मला वाटायचं, याचा खेळच तसा.

त्र्याण्णवच्या डिसेंबरात सांगलीला कॉलेजांची स्पर्धा होती. चौथ्या फेरीत त्याच्यासमोर नीलिमा आली. सांगलीचीच, केस मोकळे सोडलेली. मी मान वळवून पाहिलं, तर धनाजीनं दुसऱ्याच खेळीला राजाजवळच्या उंटापुढचं प्यादं तिला फुकट देऊ केलं होतं — किंग्ज गँबिट, झटपट हल्ल्याची सुरुवात. मग घोडाही दिला. भोवती गर्दी जमली. मी जिंकत आलेला डाव बरोबरीत सोडला आणि तिथं जाऊन उभी राहिले. विसाव्या खेळीला मात. नीलिमा हरूनही हसत होती, डाव लिहिलेल्या कागदावर त्याची सही मागत होती. त्यानं ती दिलीही.

मी हातातला माझ्या डावाचा कागद चुरगाळला.

व्हरांड्यात त्याला गाठलं. "तिच्याशी एवढा जीव ओतून खेळलास. माझ्याशी एकदाही नाही."

तो कठड्याला टेकला. "त्यो डाव लय लवकर संपतो, अक्षता. तुझ्यासंगं... मला ते तीन तास पायजे असायचे."

ऐकून बरं वाटलं. पण राग पुरता जाईना — ती सही डोळ्यांसमोरून हलत नव्हती.

शेवटच्या फेरीची यादी लागली. माझ्यासमोर तोच. पांढऱ्या सोंगट्या माझ्या. दुसऱ्या खेळीला मी तेच, राजाजवळच्या उंटापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं.

तो दचकला. हळूच म्हणाला, "पाऊण तासात संपंल की गं."

"संपू दे. गाडी साडेपाचला आहे. तोवर कृष्णेच्या घाटावर बसू... मधे पट नको."

त्याचे कान लाल झाले. प्यादं मात्र त्यानं लगेच मारलं.