परवानगीचा चौकोन

सुधन्वा फरीदाबादहून दिल्लीतल्या द्वारकेला आला तो केबलींची पिशवी घेऊनच. "वहिनी, अर्ध्या तासाचं काम," जेवता जेवता तो म्हणाला. अख्ख्या कंपनीचे कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या माणसाला एका फोनची काय मातब्बरी!

फोन त्याच्या थोरल्या भावाचा, इंद्रजितचा. मानेसरच्या रस्त्यावर अपघातात दादा गेला त्याला दोन महिने झाले. फोनवर साधा ओरखडा नव्हता, फक्त काच बोटाला दाद देत नव्हती. दादाचा आवाज उरला होता तो त्या फोनमधल्या रेकॉर्डिंगमध्येच. क्लाउडवर काही ठेवायचं नाही, हा त्याचा हट्ट. आणि परवा सहा वर्षांच्या सुरुचीने रेवतीवहिनींना विचारलं होतं, "आई, बाबा कसे बोलायचे?" तेव्हापासून वहिनींच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

केबल लावली की कॉम्प्युटर टिंग वाजे आणि फोनवर चौकोन उमटे: या कॉम्प्युटरला परवानगी द्यायची का? 'हो'वर बोट टेकवायचं, बस्स. तेच होईना. चौकोन थोडा वेळ वाट पाहून विझे. सुधन्वाने केबल बदलली, पोर्ट बदलला, ड्रायव्हर नव्याने टाकला, फोनला माऊससुद्धा जोडून पाहिला. फोन ढिम्म. बाल्कनीवरून विमानं घरघरत जात होती आणि त्याचा पारा चढत होता.

"भाऊजी," वहिनी हळूच म्हणाल्या, "दहाव्याला यमुनेकाठी कावळाही शिवला नव्हता. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला."

"वहिनी, प्लीज. हा मोबाइल आहे, पिंड नाही."

पण त्यांनी हात जोडलेच. कावळा शिवेना की घाटावर घरचे पुढे होऊन, गेलेल्याला शब्द देतात, तशा त्या फोनपुढे बोलू लागल्या.

"सुरुचीला मी खूप शिकवीन."

चौकोन विझला. सुधन्वाने केबल काढून पुन्हा लावली.

"आईंना अंतर देणार नाही."

विझला.

सुधन्वाला हसू आलं, रागही आला. दादाला जन्मभर चिडवत आला होता, त्याच सवयीने तो बोलून गेला, "बरं दादा, सुरुचीलाच तुझ्याकडे पाठवतो. आता तरी ऐकशील?"

या वेळी चौकोन विझला नाही. 'हो' हे अक्षर कुणी दाबल्यासारखं गडद झालं.

कॉम्प्युटरवर फोल्डर उघडलं.

वहिनींचा चेहरा पांढराफटक पडला. "भाऊजी, शब्द मागे घ्या. आत्ताच्या आत्ता."

"गंमत केली रे दादा," सुधन्वा म्हणाला. त्याने केबल उपटली.

तरी फोनमधून आवाज आला. दादाचाच, सकाळच्या घाईतला. "सुरू, ऊठ बाळा. तयार हो बघू."

जुनं रेकॉर्डिंग असेल, सुधन्वाने स्वतःला बजावलं. असणारच.

आतल्या खोलीचं दार उघडलं. दुपारची झोपवलेली सुरुची बाहेर आली. रविवार असून तिच्या पायांत शाळेचे बूट होते.

"काका, चलो ना."

वहिनींनी धावत जाऊन तिला छातीशी धरलं. सुधन्वा तिच्या लोंबत्या पायांकडे पाहत राहिला. दोन्ही बुटांच्या नाड्या घट्ट, नीट बांधलेल्या होत्या.

सुरुचीला अजून नाडी बांधता येत नव्हती.